कानातलं फडावर

आमच्या घरात भाकरीच्या आधी डफ शेकला जायचा. दिवेलागणीला आई चूल पेटवायची, आणि तिनं तवा ठेवायच्या आत आबा, म्हणजे माझे वडील, खुंटीवरचा डफ काढून जाळापुढं उकिडवे बसायचे. भाकरीसारखाच तो गोल गोल फिरवत राहायचे. रान कालव्याकाठचं, चहूबाजूंनी ऊस, हवेत कायम ओल. कातडं दमटलं की डफ बद्द वाजतो. जाळ लागला की ते ताणतं आणि बोटाची टिचकी मारली की टण्ण बोलतं. तो टण्ण ऐकू आल्याशिवाय आबा चुलीपासून उठत नसत. आई म्हणायची, "भरा, आधी त्या कातड्याचं पोट भरा. पोरं काय, उपाशी झोपत्यात." आबा म्हणायचे, "पोरं रडून सांगत्यात गं. ह्येला शेकल्याबिगर बोलता येत न्हाय." हे बोलणं जवळजवळ रोजचंच, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला मी कधी पाहिला नाही.

घर वडगाव निंबाळकरच्या अलीकडं, मळ्यात. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की घरदार त्यांच्यामागं निघायचं. आबांनी ते थांबवलं, ऊस लावला, गाई घेतल्या. तरी चार मेंढरं छपरात ठेवलेली असायचीच. उपयोग काही नव्हता. "घराला आपला वास पायजे," एवढंच आबांचं त्यावर म्हणणं. पहाटे डेअरीच्या कॅनांचा खडखडाट, त्यामागं मेंढरांची बेंबें आणि त्याही मागं आबांच्या तुणतुण्याची तार लावण्याचा आवाज, असा आमच्या घराचा दिवस उगवायचा.

आबा तुऱ्याचे शाहीर होते. आता कलगी-तुरा ऐकलेली माणसंही कमी उरली, म्हणून थोडं सांगतो. हे भेदिक गाणं. माणसाच्या देहात काय दडलंय, श्वास कुठून निघतो, कुठं मुरतो, त्या देहाचं आणि बाहेरच्या पसाऱ्याचं नातं काय, असलं गूढ कवनात बांधायचं. गाणाऱ्यांचे पक्ष दोन. तुरेवाले म्हणणार शिव मोठा; कलगीवाले म्हणणार शक्ती मोठी. यात्रेत दोघांचे फड समोरासमोर बसायचे. एकानं कवनात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं कवनातच जवाब द्यायचा. आमच्या डफाला तुरा बांधलेला, समोरच्याच्या डफाला कलगी. ज्याला जवाब आला नाही त्यानं डफ पालथा घालायचा, आपलं निशाण सोडून समोरच्याच्या हाती द्यायचं आणि तो सवाल सुटेपर्यंत पुन्हा डफ उचलायचा नाही. सवाल सुटायच्या वाटा दोनच. एक तर हरलेल्यानं जवाब आणायचा, नाहीतर विचारणाऱ्यानं भर फडात उठून "सवाल खोटा" म्हणायचं आणि स्वतःचं निशाण खाली ठेवायचं. म्हातारी माणसं सांगायची की फार पूर्वी कुण्या राजापुढं एक गोसावी आणि एक फकीर गायला बसले, दोघंही हटेनात, तेव्हा राजानं आपल्या पागोट्यातला तुरा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. आबा ही गोष्ट संपली की पुस्ती जोडायचे, "पागोटं येकच हुतं, ह्ये इसरायचं न्हाय."

समोरचा फड दस्तगीरचाचांचा. चाचा बावड्याचे. मुलाण्याचं घर, शेरडांचा व्यापार. बारामतीच्या बाजाराला शेरडं घेऊन यायचे आणि बाजार उरकला की गावी न जाता आमच्या मळ्यात मुक्कामाला. मेंदीनं लाल केलेली दाढी, कानात अत्तराचा फाया आणि अंगाला शेरडांचा वास. हे दोन वास एकत्र आले की कुत्रं भुंकायच्या आधी मला कळायचं. माणूस मोठ्या तोंडाचा. बांधावरून येतानाच आवाज, "वैनी, कोंबडं कुठं हाय? मला बघून पळालं जनू!" आई आतून म्हणायची, "पळंल कशाला? तुमची दाढी बघून त्येला वाटलं, सोयरा आला." कोंबडं चाचांनीच कापायचं, रस्सा आईनं करायचा. काळ्या मसाल्याचा तो लालजर्द कट, त्यात बाजरीची भाकरी कुस्करून दोघं एका कांबळ्यावर बसून ओरपायचे आणि भांडायचे. "शिव नसंल तर शक्ती कुनाच्या जिवावर नाचंल?" "आन् शक्ती गेली तर शिवाचं काय ऱ्हातं? मढं!" आवाज इतका चढायचा की शेजारच्या वस्तीवरचे लोक बघायला यायचे. मग आई भाकरीची दुरडी मागं ओढायची आणि म्हणायची, "सांगा आता, कोन मोठं?" दोघंही एकदम शक्ती म्हणायचे.

पण पहाटे भांडण नसायचं. पहाटे दोघं मेंढरांच्या छपरामागं, पूर्वेकडं तोंड करून, मांडी घालून बसायचे. डोळे मिटलेले. मी लहान असताना दूध काढायला आईबरोबर उठायचो आणि मागून बघायचो. एकाच्या डोक्याला पटका, एकाच्या टोपी, एवढाच फरक. छाती एकाच लयीत वर जायची, खाली यायची. आत आबा काय म्हणत आणि चाचा काय म्हणत हे मला माहीत नव्हतं. बाहेर येणारा श्वास मात्र एकाच माणसाचा वाटायचा.

त्याचं कारण नरसिंहपूरकडं होतं. नीरा आणि भीमा जिथं मिळतात त्या अंगाला, फार मागं, एक माणूस झोपडी करून राहायचा. आमच्याकडं त्याला बापूनाथ म्हणत, चाचांकडं बापूशा. तो कोण, कुठला, कुणालाच सांगता आलं नाही. आमचे आजोबा मेंढरं पाण्यावर न्यायचे, चाचांचे वडील शेरडं. दोघांनी त्याच्याकडून विद्या घेतली. एकाला त्यानं तुरा गायला लावलं, एकाला कलगी, आणि दोघांच्या कानात सांगितलं ते एकच. का असं, म्हणून मी एकदा विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "आरं, दोघांनी येकच गायलं तर ऐकनार कोन? जत्रंला भांडान लागतंय." मग म्हणाले, "संगमाच्या म्होरं नदीला नाव भीमेचंच हाय. नीरा कधी तक्रार करती व्हय?"

बापूंची एक रीत दोन्ही घरांनी पाळली. बापानं आपल्या पोराला उपदेश द्यायचा नाही. तुऱ्याच्या घरातल्या पोराला कलगीवाल्यानं द्यायचा, कलगीच्या घरातल्या पोराला तुरेवाल्यानं. आबांना चाचांच्या वडिलांनी दिला होता. चाचांच्या मुलाला आबांनी. "बापानं दिलं की त्येचं वतन हुतंय," आबा म्हणायचे, "दुसऱ्यानं दिलं तर इद्या ऱ्हाती." आणि नियम एकच: कानातलं फडावर आणायचं नाही. फडावर काहीही विचारा, एकमेकांची सालटी काढा, पण उपदेशाला हात लावायचा नाही. बाहेरच्यांना तसा काही नियम आहे हेही ठाऊक नसायचं.

मला उपदेश चाचांनी दिला. बारामतीला कॉलेजात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आमच्याच छपरामागं. त्यांनी माझं डोकं आपल्या खांद्याशी ओढलं, दाढी गालाला टोचली, अत्तराचा वास आला आणि उजव्या कानात त्यांनी सांगितलं. मग कानावर तळवा दाबून धरला, जणू काही सांडेल. "आता ह्ये तुजं बी न्हाय, माजं बी न्हाय," म्हणाले. आई आत शेवयांची खीर करत होती. मी ती दोन वाट्या खाल्ली आणि चाचा म्हणाले, "इद्या पचली बघा पोराला." तो दिवस इतका साधा होता की मला त्याचं मोल कळलं नाही. आज वाटतं, तो दिवस जरा अवघड असता तर बरं झालं असतं.

बारामतीत मी खोली घेऊन राहिलो. तिथं एका निवृत्त शिक्षकांच्या घरी संध्याकाळी अभ्यासवर्ग चालायचा. प्राचीन योग, तंत्र, देहातली चक्रं, नाद. सर विद्वान होते, हे मला आजही मान्य आहे. मळ्यात बसून मी जे नुसतं ऐकलं होतं त्याला त्यांच्याकडं नावं होती, आधार होते, क्रम होता. मला तिथं पहिल्यांदा वाटलं की आपल्या घरात जे चालतं ते खेडवळ नाही, फार जुनं आणि थोर आहे. त्यांच्या भिंतीवर एका झाडाचं चित्र टांगलेलं होतं. मूळ आपलं, खोड आपलं, आणि फांद्यांवर लिहिलेले नाना पंथ. मी सरांना कलगीवाल्यांबद्दल, फकिरांच्या जपाबद्दल विचारलं. सर हसले. म्हणाले, "बांडगूळ पाहिलंयस ना आंब्यावरचं? हिरवंगार दिसतं. रस आंब्याचा असतो." मूळ एक आहे हे आबाही म्हणत आणि सरही म्हणत. आबांच्या तोंडी त्याचा अर्थ नातं असा होता, सरांच्या तोंडी चोरी. मला दुसरा अर्थ आवडला. सरांनी तो माझ्या डोक्यात भरला असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. मला तो हवा होता, म्हणून मी तिथं जात होतो. ती वर्षंही तशी होती. भिंतींवर नव्या घोषणा रंगत होत्या आणि माझ्या वयाच्या पोरांना कुणाकडून तरी काहीतरी परत घ्यायची घाई झालेली होती.

सुट्टीत घरी आलो की मी चाचांशी वेगळा वागू लागलो. जेवताना ते भांडायला लागले की मी पुस्तकातले शब्द फेकायचो. चाचा कान देऊन ऐकायचे, मग आबांना म्हणायचे, "पावन्या, तुजं पोरगं गाभन शेळीवानी जड चालाया लागलंय. काय खातंय कालिजात?" आबा हसायचे. मला ते हसू लागायचं.

शेजारच्या गावची यात्रा होती. दुपारी कुस्त्यांच्या आधी फड बसायचा. त्या वर्षी आबांचा घसा बसलेला, आवाज वर चढेना. म्हणून डफ माझ्या हातात आला आणि आबा मागं तुणतुणं घेऊन झील धरायला बसले, म्हणजे मागून साथीचा सूर ओढायला. वडाखाली घोंगड्या अंथरलेल्या, एका अंगाला भेळेच्या गाड्या, दुसऱ्या अंगाला पाळणा. सर आणि वर्गातली दोघं-तिघं मुद्दाम बारामतीहून आलेली, पुढं बसलेली. गण, म्हणजे सुरुवातीचं नमन, झाल्यावर चाचांनी पहिल्याच फटक्यात मला उचललं. "मंडळी, समोर कालिजचा इद्यार्थी हाय. जवाब आला न्हाय तर रागावू नका, गाईड घरी राह्यलं आसंल!" लोक खोखो हसले. आबाही हसले. मग त्यांनी सवाल टाकला:

पाय न्हाईत तरी पाव्हणा चालत येतो घरी,
येताना तो गार, जाताना ऊन-ऊन भारी,
आला कधी, गेला कधी, मोजते दुनिया सारी,
मुक्काम त्येचा कुठं, शाहिरा, सांग भरदुपारी.

पाहुणा म्हणजे श्वास, हे मला लगेच कळलं. पण मुक्काम कुठं? सरांच्या वर्गातली सगळी चक्रं मी मनात फिरून आलो. एकही नेमकं बसेना. झीलकरी तीच ओळ पुन्हा पुन्हा ओढत होते आणि माझ्या मानेवरून घाम उतरत होता. तेव्हा चाचांनी नेहमीची रीत केली. समोरचा अडला की शहाणा शाहीर पुढच्या कडव्यात एक फट ठेवतो, दार पूर्ण लावत नाही. ते गायले:

जात्या पाव्हण्याचं पाऊल आन् येत्याचं पाऊल,
त्या दोहोंमंदी बघ रं लेकरा, लागंल तुला चाहूल.

बाहेर गेलेला श्वास आणि आत येणारा श्वास यांच्या मधली ती थांबलेली जागा. लहानपणी छपरामागं मी हेच तर मागून बघत होतो. मी जवाब गायलो. लोकांनी टाळ्या दिल्या, पण जाणत्यांना कळलं होतं की घास भरवलेला आहे. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "चाच्यानं बोट धरून पार केलं बघा!" सरांनी मान खाली घातली. मी ती खाली गेलेली मान पाहिली.

सवाल टाकायची पाळी आता माझी होती. मी जो टाकला तो इथं लिहिणार नाही. तो एकदा उच्चारला हेच पुरे झालं. एवढंच सांगतो, की त्याचा जवाब म्हणजे चाचांनी माझ्या उजव्या कानात सांगितलेली गोष्ट होती, अक्षर न् अक्षर. कानातलं मी फडावर आणलं. हे भान सुटून झालेलं नाही. दोन ओळी जुळवताना मला पुरतं माहीत होतं की चाचांना जवाब येतो, ते तो देणार नाहीत, आणि का देत नाहीत हेही त्यांना सांगता येणार नाही. कारण 'हा उपदेशातला आहे' एवढं बोलले तरी तो उघडाच होतो. बंद दारांचं घर होतं ते, आणि मी ते नीट बघून बांधलं होतं.

माझ्या मागची झील तुटली. आबांनी तुणतुण्याच्या तारेवर तळवा ठेवला होता. चाचांचा हात डफावरून उठला आणि नकळत स्वतःच्या कानाकडं गेला, तिथून दाढीवर आला. कवन सोडून ते साध्या आवाजात म्हणाले, "म्हादू, ह्योच सवाल हाय का?"

"ह्योच."

"दुसरा घे की लेका. तुज्याकडं लई असत्याल."

फट पुन्हा ठेवली होती त्यांनी. मी म्हणालो, "जवाब नसंल तर डफ ठेवा, चाचा."

ते माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. ओळखीचं माणूस बाजारात वेगळ्याच कपड्यात दिसावं तसं बघत होते. मग "बरं" म्हणाले. डफ पालथा घातला, कलगीची गाठ सोडली. गाठ जुनी होती, सुटेना, दातांनी सोडवली. कलगी त्यांनी माझ्या हातात दिली आणि शिट्ट्या सुरू झाल्या, गुलाल उडाला. तुरा जिंकला, तुरा जिंकला, असा गलका झाला. मग मागून कुणीतरी वेगळीच घोषणा दिली. तिचा शिवशक्तीशी काही संबंध नव्हता, त्या भिंतींवरच्या घोषणांशी होता. तिला आणखी आवाज मिळाले. माझा विजय माझ्या हातात असतानाच दुसऱ्यांचा झाला, आणि तरीही मी डफ वर धरून उभा होतो. चाचांनी आपला डफ शालीत गुंडाळला आणि जाताना आबांना म्हणाले, "वैनीला सांग, जेवाया येत न्हाय. गाडी चुकंल माजी."

घरी आईनं रस्सा करून ठेवला होता. आबांनी पाट मांडला नाही. बसलेल्या घशानं, अडखळत, ते एवढंच बोलले, "तुज्या तोंडात ज्यानं घातलं, त्येच्याच तोंडाला कुलूप लावलंस तू. आता त्यो मरंस्तोवर गात न्हाय. पुढच्या जत्रंला उठायचं आन् म्हनायचं, सवाल खोटा."

"खोटा कसा म्हणू, आबा? सवाल खरा आहे," मी म्हणालो. शुद्ध, कॉलेजच्या भाषेत म्हणालो.

आबा पुढच्या बाजाराच्या दिवशी ती कलगी घेऊन चाचांना भेटले. चाचांनी घेतली नाही. "जवाब आनतो, मंग नेतो," म्हणाले. ती अजून माझ्याकडं आहे, जाड कागदात गुंडाळलेली. मी ती उघडत नाही. चाचा काही काळानं पुन्हा मळ्यात येऊ लागले. जेवायचे, आईची थट्टा करायचे, पहाटे छपरामागं बसायचे. कुणीही काही काढलं नाही. फक्त जेवताना शिव मोठा की शक्ती, हे भांडण बंद झालं. आई दुरडी मागं ओढेल असा प्रसंगच येईना. ती एकदा मला एकट्याला म्हणाली, "घर कसं मुकं झालंय रं. दोघंबी निसतं जेवत्यात."

मी आता जे लिहितो आहे ते मला फडावरच्या गोष्टीपेक्षा जास्त सलतं. फडावर रक्त गरम होतं, वय लहान होतं. माणसं तेवढं माफ करतात. पण पुढं एक अख्खं वर्ष माझ्या हातात होतं. पुढच्या यात्रेला मी त्याच वडाखाली बसलो होतो. चाचा नव्हते, इंदापूरकडचा दुसरा कुठला तरी कलगीवाला समोर होता. आबा मागं बसले होते. त्यांनी मला काही आठवण करून दिली नाही, नुसतं तुणतुणं मांडीवर धरून वाट बघत होते. दोन शब्द होते ते. गण म्हणताना ते माझ्या जिभेवर आलेही. पुढं सर बसलेले, त्यांच्या शेजारी नवी पोरं. मी गण म्हटला, सवाल-जवाब गायलो, आणि दोन शब्द गिळून खाली बसलो. मागं वळून पाहिलं तेव्हा तुणतुणं घोंगडीवर होतं आणि आबा नव्हते. ते चालत घरी गेले होते. त्यानंतर ते माझ्या मागं झील धरायला कधी बसले नाहीत.

पुढच्या वर्षी करीन, असं मी ठरवलं होतं, हेही खरं. पण पुढच्या वर्षी यात्रा कमिटीनं फड बंद करून ऑर्केस्ट्रा आणला. पोरांना ते हवं होतं. एक-दोन वर्षांत आसपासच्या गावांतही तेच झालं. "सवाल खोटा" हे भर फडात म्हणायचं असतं, आणि फडच उरला नाही. माझे ते दोन शब्द ठेवायला जागा राहिली नाही.

सरांचा वर्गही माझ्याकडून हळूहळू सुटला; त्यांच्याशी भांडलो वगैरे नाही. भिंतीवरच्या त्या झाडाकडं बघवेना, एवढंच. पुढं इंदापुरात नोकरी लागली, संसार झाला. आबा गेले तेव्हा चाचा बावड्याहून आले आणि आबांच्या पायांशी बसून लहान पोरासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्या दिवशी बोलायला हवं होतं. पण माणसं होती, आणि मला अशी सबब नेहमीच सापडत आली आहे.

मग एका हिवाळ्यात कळलं की चाचांना दम लागतो, ते घराबाहेर पडत नाहीत. मी सुट्टी काढून बावड्याला गेलो. अंगणात बाजेवर बसलेले होते, दाढीला मेंदी नव्हती, पांढरी झालेली. शेरडं विकून टाकलेली. मला बघून आवाज चढवायचा प्रयत्न केला, "आला का रं इद्यार्थी! गाईड आनलंस का?" आणि खोकत सुटले. सुनेनं चहा आणला. मी चहाला हात लावला नाही. आधी बोलायचं ठरवून आलो होतो.

"चाचा, तो सवाल खोटा होता."

"कंचा?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी बाजेच्या दोरीत बोट अडकवलं, सोडवलं. "खोटा कसा? खरा हुता. मला जवाब आला न्हाय. हारलो. संपलं की त्ये."

"तुम्हाला येत होता."

"तुला काय ठावं?"

"चाचा, तुम्हीच तर माझ्या..."

त्यांनी हात वर केला. पंजा माझ्या तोंडापुढं धरला. "येत हुता म्हंतोस, तर सांग. काय हुता जवाब?"

अंगणात सून होती. कुंपणापलीकडं शेजारी कडबा रचत होता. मी तोंड उघडलं. ते सगळं जिभेवर होतं, रोज पहाटे असतंच. त्यांनी दिलेलं त्यांनी कधी परत मागितलं नाही आणि मी आजही त्यावरच बसतो. चाचा माझ्या ओठांकडं बघत होते, आणि त्या वेळी मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. फडावर दिसली नव्हती, ती तिथं दिसली. मी तोंड मिटलं.

"न्हाय ना येत सांगता?" ते हळूच म्हणाले, आणि खांदे सैल सोडून तक्क्याला टेकले. "मंग मलाबी आला नव्हता. चा पी, निवतोय."

मी चहा प्यालो. मग त्यांनी पोरांची शाळा विचारली, आईच्या गुडघ्यांचं विचारलं, आणि इंदापुरात मटण कुठलं घ्यावं, कुठलं घेऊ नये, हे बराच वेळ सांगितलं. उठलो तेव्हा पाया पडलो, तर डोक्यावर हात ठेवला. तो हात माफीचा होता की नेहमीचा, हे मी त्यानंतर कितीदा तरी ताडून पाहिलं आहे. थंडी सरायच्या आत चाचा गेले.

बावड्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा असताना माझ्या ध्यानात आलं. मी हरायला म्हणून गेलो होतो, आणि त्या माणसाकडून दुसऱ्यांदा जिंकून निघालो होतो.